चोवीस इंचांची जागा

सुभेदार अण्णा कुणालाही भेटले, की आधी त्याचं माप घेत. पाचगणीची शाळा संपवून मी सांगलीला परत आले त्या दिवशी आईनं मला शेजारी पाया पडायला पाठवलं. मी वाकून उठले, तोवर अण्णांनी मला खांद्याला धरून दाराच्या चौकटीशी उभं केलं, डोक्यावर घडीची पट्टी आडवी ठेवली आणि पेन्सिलीनं रेघ मारली.

"पाच फूट पावणेदोन इंच," ते म्हणाले. "गेल्या दिवाळीला सव्वा इंच व्हतीस. म्हंजी शाळेत जेवाय घालत्यात."

त्या चौकटीवर माझ्याआधी पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या आणि अण्णांच्या तासगावच्या जावयाच्या रेघा होत्या. जावई एका वर्षात पाव इंचानं कमी भरले होते. तेव्हापासून अण्णा त्यांना प्रत्येक पत्रात दूध प्यायला सांगत.

अण्णा मूळचे कुंडलचे. लष्करात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. पेन्शन घेतल्यावर शेत भावाकडं सोपवून ते सांगलीत आमच्या शेजारी राहायला आले. बांधायला आता नद्या नव्हत्या, म्हणून ते घरातल्या वस्तू बसवत. "जागा असती," ते म्हणत. "नजर नसती." त्यांची सायकल कप्पीवरून छताला टांगलेली असे आणि खाली खुर्चीवर बसलेला पाहुणा बोलता बोलता वर बघत राही. त्यांच्या बायकोचं, इंदूकाकूंचं, शिवणाचं मशीन त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यात बसवलं होतं. ते इंचाला इंच बसलं, पण शिवणाऱ्या बाईचे पाय कुठं जायचे हे राहून गेलं. काकू तिरक्या बसून शिवत. तक्रार करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "त्यांचं गणित बरोबर असतंय," त्या म्हणत. "माणूस तेवढा मधी येतोय."

त्या वर्षी काकूंचे हात फुटले. राखेनं आणि पाण्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, त्या चिघळल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की भांडी घासणं बंद, कायमचं. राखेत आणि साबणात हात गेला तर बोटं आखडतील आणि मग भाकरी थापणंही जाईल. काकूंना पहिल्या गोष्टीचं काही वाटलं नाही, दुसरीचं वाटलं. त्यांची भाकरी तव्यावर टम्म फुगायची आणि ती फुगताना बघायला अण्णा रोज ताटावरून मान वळवून बसायचे.

भांडीवाली लावली. ती दोनच पाण्यांनी भांडी खळबळते म्हणून काकूंनी तिला चौथ्या दिवशी घरी पाठवलं. दुसरीनं खरकटं पातेलं चुलीजवळ टेकवलं, ती दुपारपर्यंतही टिकली नाही. मग एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, "मी घासतो की. पलटणीत काय कमी घासली?"

मी तेव्हा तिथंच गहू निवडत होते. काकूंनी पदर खोचला. "सुभेदार भांडी घासाय बसला तर गल्ली काय म्हनंल? मी अजून जित्ती हाय."

अण्णांनी खिशातून पट्टी काढून उगाचच पाटाची लांबी मोजली.

पंधरा दिवसांनी काकू हातांना आराम म्हणून लेकीकडं तासगावला गेल्या आणि तिसऱ्या दिवशी अण्णांच्या दारात ट्रक उभा राहिला. बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यांमध्ये पाचटात गुंडाळलेलं एक पांढरं धूड होतं. अण्णांचा पुतण्या फलटणकडच्या एका साखर कारखान्यात होता. तिथला परदेशी इंजिनिअर मायदेशी परत निघाला होता, आणि त्याच्या बायकोचं भांडी धुण्याचं मशीन अण्णांनी मागून आणलं होतं. सांगलीत असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या वाण्यानं ते कपाट आहे असं ठरवलं, आणि पुढं बरेच दिवस तो तेच म्हणत होता.

मशीनबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक होतं. ते वाचायला अण्णांनी मला बोलावलं. सगळ्या गल्लीत माझ्या शाळेचा एवढाच उपयोग झाला.

"रुंदी काय लिवलीय, बाळ?"

"चोवीस इंच."

अण्णांनी मोरीशेजारची, भिंत आणि ओटा यांच्यामधली जागा मोजली. सव्वातेवीस भरली. पुन्हा मोजली. मग वाकून, पोटावर झोपून, एकदा डोळा मिटून मोजली.

"पाऊण इंच," ते म्हणाले. "आमी नदीला हटलो न्हाई. भिंतीला काय हटतोय."

ही भिंत त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या मधली होती, हे त्यांच्या गणितात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत असताना फळीवरची मिठाची बरणी थरथरली आणि आपण होऊन पुढं सरकली. तिच्यामागून थोडी माती पडली, मग छिन्नीचं टोक आलं, मग उजेड, मग अण्णांचा एक डोळा.

"वहिनी," डोळा म्हणाला, "चहा चाललाय व्हय?"

आईनं शांतपणे आणखी एक कप भरला. तो त्या भोकातून जाईना, म्हणून अण्णांनी भोकाचं माप घेतलं आणि पाव इंच मोठं करून देऊ का असं विचारलं. आई म्हणाली, "नको, मी दारानं आणून देते." दुपारी गवंडी बोलावून भोक बुजवलं. आमच्या बाजूला तिथं अजून एक पोक आहे.

मशीन जागेवर गेलं, तेही इतकं घट्ट की पोस्टकार्ड सरकायला वाव नव्हता. अण्णांनी कपाळ पुसलं, लांब उभं राहून बघितलं आणि मला म्हणाले, "आता दार उघड."

ते दार पुढं खाली पडणारं होतं. ते निम्मं आलं आणि समोरच्या मांडणीवर आपटून थांबलं. वरच्या ओळीतले तांबे एकापाठोपाठ एक खाली आले.

अण्णांनी अडकलेल्या दाराला पट्टी लावून बघितली. "मी त्येला सावधानमध्ये मोजलं," ते म्हणाले. "विश्राममध्ये मोजायचं ऱ्हाऊन गेलं."

मग मांडणी माजघरात गेली. माजघरातला पलंग सोप्यात गेला, आणि सोप्यात आता उभं राहूनच बसायचं उरलं. नळाची जोडणी झाली. पुस्तकात सांगितलेली पावडर सांगलीत मिळत नव्हती, म्हणून अण्णांनी कपड्यांची घातली, तीही मुठीनं. मशीन सुरू झालं आणि थोड्या वेळानं दाराच्या फटीतून फेस यायला लागला. तो उंबरा ओलांडून अंगणात गेला. अण्णा पट्टी घेऊन त्याची खोली मोजत त्याच्या मागून चालले होते. पण भांडी निघाली ती स्वच्छ निघाली. एका ताटलीत स्वतःचं तोंड बघून त्यांनी मिशी सारखी केली.

चौदाव्या दिवशी काकू आल्या. हात पुष्कळ बरे दिसत होते. अण्णांनी त्यांना थेट स्वयंपाकघरात नेलं. मला पुस्तक घेऊन बाजूला उभं केलं होतं, तोफेशेजारी गोलंदाज असतो तशी. काकूंनी मशीनवरून हात फिरवला, आत वाकून जाळ्या बघितल्या.

"खरकटी भांडी ह्यात ठिवायची?"

"व्हय. सकाळपासनं साठवायची आन् दुपारी एकदम बटन."

"म्हंजी सकाळपासनं दुपारपातूर खरकटं हितं. वट्याशेजारी. देवाच्या फळीखाली."

त्या घरात, आणि आमच्याही घरात, एक रेघ होती. मोरीचा चार बोटं उंचीचा कट्टा. त्याच्या अलीकडं शिजवलेलं अन्न आणि देव, पलीकडं खरकटं. ती रेघ कुणी कधी मोजली नव्हती. पट्टी काय, डोळा मिटूनसुद्धा अण्णांना ती दिसली नव्हती. मशीन कट्ट्याच्या अलीकडं एक वीतभर होतं.

"आमी आधी धुऊन मग ठिवू," अण्णा क्षीणपणे म्हणाले.

"धुवायची आन् मग धुवायला ठिवायची?" काकू म्हणाल्या. "तुमचं मशीन लय चांगलं हाय. पर त्ये सोवळ्यात बसलंय."

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पदर खोचून मोरीत बसल्या आणि राखेचं भांडं पुढं ओढलं. अण्णांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. काकूंनी परत घेतलं. हे दोनदा झालं. त्या वेळी मला अण्णांच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी पुस्तक उघडून विषयसूची वाचत बसले. त्यात खरकट्यावर काही नव्हतं.

दोन दिवस शेजारून राखेचा खसखस आवाज येत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र थापीचा आवाज आला. मी गेले तर अण्णा गुडघ्यावर बसून विटा लावत होते. मशीनला त्यांनी हात लावला नव्हता. मोरीचा जुना कट्टा फोडून त्यांनी नवा कट्टा मशीनला अलीकडून वळसा घालून आणला होता, चार बोटं उंचीचाच, वर सिमेंटचा गिलावा. देवाची फळी उचलून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लावली होती. मशीन होतं तिथंच होतं, पण आता ते मोरीत होतं.

"मशीन हलत न्हवतं," अण्णा मला म्हणाले. "मग मोरी हलवली."

काकू आल्या. कट्ट्यावरून एक पाय पलीकडं टाकून त्यांनी बघितलं, परत अलीकडं घेतला. "आता बरूबर हाय," त्या म्हणाल्या. अण्णांनी इतका मोठा श्वास सोडला, की मला वाटलं लष्करात एवढ्या वर्षांत त्यांनी तो सोडलाच नसावा.

त्यानंतर रोज दुपारी दोनला भिंतीपलीकडून मशीनची घरघर यायची. अण्णांनी एक नियम केला होता. मशीन चालू असताना स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही. "करंट हाय," ते म्हणत. काकू तेवढा वेळ सोप्यात, पलंगाच्या कडेवर बसत. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या चिरा पार भरल्या. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा येऊ लागला. अण्णा भेटेल त्याला धरून सांगत, "मशीन हाय ते," आणि गल्लीतल्या बायका हे ऐकून आपापल्या नवऱ्यांकडं बघत.

दिवाळीच्या आधी एका दुपारी आईनं मला काकूंकडून चकलीचा सोऱ्या आणायला पाठवलं. मोरीकडचं मागचं दार उघडं होतं, नियम माझ्या लक्षात राहिला नाही आणि मी सरळ मोरीत पाऊल टाकलं. मशीन घरघरत होतं. त्याच्या शेजारी मोरीत अण्णा पाटावर बसले होते, बनियनवर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात परात. घासलेली भांडी उजवीकडं उतरत्या क्रमानं लावलेली होती. मशीनच्या आतल्या जाळ्या रिकाम्या, बाहेर भिंतीशी टेकवून ठेवल्या होत्या.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. अण्णांच्या कोपरापर्यंत राख होती.

"कट्टा बांधल्यावर आठव्या दिवशीच पंप गेला त्येचा," ते हळू म्हणाले. "आता नुसता आवाज करतंय. सामान मिळत न्हाई हिकडं." त्यांनी परात फिरवून दुसऱ्या कडेला धरली. "बोलू नगंस बाळ तिला. पुन्हा हात घालंल राखंत."

मी मान हलवली. सोऱ्या मागायचं राहून गेलं. दार हळूच ओढून घेतलं आणि घराला वळसा घालून पुढच्या बाजूनं आत गेले. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. मोरीतल्या ओल्या राखेचं पाऊल फरशीवर उमटलं होतं.

"कुठवर आलंय गं मशीन?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "परात राहिलीय फक्त," मी म्हणाले, आणि लगेच कळलं, की परात त्या मशीनमध्ये कधी मावतच नव्हती. पहिल्या दिवसापासून.

काकूंनी मला जवळ बसायची खूण केली. आतून घरघर येत होती आणि तिच्याखाली, लक्ष दिलं तर, काथ्याचा आवाज.

"गल्लीला मशीनच ऐकू जातंय," त्या म्हणाल्या. "तेवढं बास हाय. त्येंच्यापाशी काय बोलू नगंस." थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "परातीच्या कडंला त्येंचा हात पुरत न्हाई, पाठ धरती मग सांजच्याला. उद्यापासनं मी पीठ ताटातच मळती."