नोकरी न मागण्याचं शास्त्र

नोकरी हवी असेल तर ती मागू नये, हे आता सर्वमान्य झालं आहे. मागणारा माणूस गरजू दिसतो, आणि गरजूला कामावर ठेवण्याची चूक कोणतीही सुज्ञ कंपनी करत नाही.

हे सत्य माऊलीला सिडकोतल्या एका मोफत कार्यशाळेत (चहा स्वखर्चानं) कळलं. माऊली मूळचा अजिंठ्याचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, आणि मुकुंदवाडीत बन्सी नावाच्या टँकर ड्रायव्हरबरोबर खोली करून राहणारा. कार्यशाळेतले सर म्हणाले, अर्ज करण्याचे दिवस गेले. व्यावसायिक ओळखींच्या साइटवर मोठा माणूस हेरावा, त्याचा बारकाईनं अभ्यास करावा आणि त्याला आत्मीयतेच्या चार ओळी लिहाव्यात. नोकरीचा शब्द काढू नये. नातं जडलं की नोकरी आपोआप येते.

माऊलीनं वाळूजपासून शेंद्र्यापर्यंतच्या कारखान्यांतले एकशे बारा साहेब निवडले. एवढा अभ्यास त्यानं डिप्लोम्याला केला असता तर पहिला वर्ग चुकला नसता. एका प्लँट हेडनं गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुलताबादचा घाट चढल्याचा फोटो टाकला होता. माऊलीनं लिहिलं, 'सर, उतरताना त्रास झाला का?' साहेब गहिवरले. घरातही हे कुणी विचारलं नव्हतं.

आठ महिन्यांची निष्पत्ती अशी: उत्तरं त्र्याण्णव, वाढदिवसाची आमंत्रणं चार, वास्तुशांतीचं जेवण एक, स्थळं दोन (एक माऊलीला सुचवलेलं, एक त्यानं शोधून द्यायचं). नोकऱ्या शून्य. इतक्या निरपेक्ष माणसापुढं नोकरीचा विषय काढून त्याचा अपमान करावा, असं एकाही साहेबाला वाटलं नाही.

शहर तेव्हा झपाट्यानं वाढत होतं. नळाला नवव्या दिवशी पाणी येई आणि नव्या इमारतींची नावं 'सरोवर' आणि 'लेक व्ह्यू' अशी असत (लेक प्रस्तावित). त्यांच्या टाक्या भरायला बन्सी दिवसाला अकरा खेपा मारत होता. मुकुंदवाडीत कामाला तोटा नव्हता, फक्त त्यासाठी कुणाचा अभ्यास करावा लागत नव्हता.

माऊलीचे वडील, सांडूबा, दर रविवारी फोन करत. आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत) जमलं नाही तर गावाकडं ये, असं त्यांनी बजावलं होतं.

"मागितली का नोकरी?"

"मागायची नसती, आबा."

"मंग त्यांना कळंल कसं?"

माऊलीनं त्यांना नात्याचं शास्त्र समजावलं. त्यावर त्या साहेबाचा गुडघा आता कसा हाय, एवढंच सांडूबांनी विचारलं.

आखाजीला चार दिवस उरले तेव्हा माऊलीचा धीर सुटला. टँकरपुढच्या रांगेत, एका हातात हंडा धरून, त्यानं बन्सीला व्हॉट्सअ‍ॅप केलं: 'भाऊ, काम पायजे. कायबी चालंल.' ओल्या अंगठ्यानं ते आप्पासाहेबांना गेलं. आप्पासाहेब त्या एकशे बारांपैकीच, शेंद्र्यातल्या एका कारखान्याचे भरतीप्रमुख; नातं जडल्यावर त्यांनी आपला नंबर दिला होता. आठ महिने माऊली त्यांच्या गच्चीवरल्या आंब्याच्या रोपाची खुशाली विचारत होता.

चाळीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. काम हवं होतं तर आठ महिने रोपाचं काय लावलं होतं, असं त्यांनी विचारलं. नातं जडावं म्हणून, असं माऊली खाली मान घालून म्हणाला (फोनवर ते दिसत नाही, तरीही).

"जडलं की," आप्पासाहेब म्हणाले. "म्हणून तर विचारलं नाही. एवढी फुरसत असलेला माणूस, मला वाटलं तुझी जमीन एमआयडीसीत जाऊन बक्कळ मोबदला मिळाला असणार. उद्या नऊला ये."

माऊली मेंटेनन्सला लागला. त्यानं दुसऱ्याकडं नोकरी मागितल्याचं कळताच बाकीचे ब्याण्णव साहेब दुखावले. आम्हाला परकं समजलास, असं तिघांनी कळवलं. प्लँट हेडनं गुडघ्याची माहिती देणं बंद केलं.

वर्षभरानं आप्पासाहेबांनी त्याला भरती विभागात घेतलं, कारण माणसांची इतकी चौकशी करणारा दुसरा कुणी कारखान्यात नव्हता. आता त्यालाच रोज चाळीसेक आत्मीय संदेश येतात आणि तो प्रत्येकाला मनापासून उत्तर देतो. मागच्या आठवड्यात तुमचाही आला. त्याच्या चष्म्याच्या फ्रेमबद्दल तुम्ही फार सुरेख लिहिलं होतंत. फ्रेम गुलमंडीवर घेतली, असं त्यानं लगेच कळवलं. त्या दिवशी विभागात एक जागाही रिकामी होती. पण तुम्ही काही ती विचारली नाहीत, आणि आपणहून सांगून तुम्हाला अवघडवणं त्याच्या जिवावर आलं.