अकरावीचे दगड

"इतिहास काय, कुणीही शिकवेल! दगड शिकवायला माणूस लागतो!"

हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत छातीवर हात ठेवून म्हटलं, तेव्हा ड्रिलमास्तर सोडून कुणीही हसलं नाही. ड्रिलमास्तरांचं हसणं मी मनावर घेतलं नाही. त्यांना स्वतःच्या शिट्टीवरही हसू येतं.

ही सन अठ्ठावन्नची गोष्ट. मी नित्सुरे, चौलजवळच्या एका हायस्कुलात मास्तर. त्या उन्हाळ्यात पुण्याला जाऊन मी भूशास्त्राचा वर्ग करून आलो होतो. येताना एक हातोडी आणि चार माणसांना पुरेल एवढा आत्मविश्वास घेऊन आलो. अकरावीला भूशास्त्र हा ऐच्छिक विषय सुरू करायचा, हे मी हेडमास्तरांच्या गळी उतरवलं होतं. आता शनिवारी शिक्षण खात्याचे साहेब येणार, तास बघणार. पटला तर विषय मंजूर. नाही पटला तर माझ्या नशिबी पुन्हा पाचवीचं शुद्धलेखन! पाचवीचं शुद्धलेखन म्हणजे अख्ख्या वर्गानं मिळून एका माणसावर उगवलेला सूड!

शुक्रवारी मी वर्गात सांगितलं, "मुलांनो, पुस्तकातला दगड हा दगडच नव्हे! उद्या सकाळी प्रत्येकानं एकेक दगड आणायचा. जो रोज डोळ्यांसमोर असतो, पण ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, असा!"

वाक्य फारच झकास जमलं. मी स्वतःच ते दोनदा म्हटलं.

शनिवारी सकाळी वर्गात पाऊल टाकलं आणि हरखून गेलो. बाकांवर दगड, खिडकीत दगड, फळ्याखाली दगड! राही नावाच्या मुलीनं एक गुळगुळीत, लांबट, सुरेख नमुना आणला होता. एका कोळ्याच्या पोरानं भोकाचा गोल दगड आणला होता, त्याला दोरीही होती. आणि मोरू व रघू या दोन जिवलग दोस्तांनी तर नारळाच्या हातगाडीवरून गुडघ्याएवढा काळाभोर दगड ओढत आणला!

"शाबास! कुठला रे हा?"

"शेतातला, सर. रोज दिसतो, पण कोन बघत न्हाय," मोरू म्हणाला.

"बसाल्ट!" मी ओरडलो. "ज्वालामुखीचा रस थिजून झालेला! पण खडकाचा खरा चेहरा आत असतो. बघा!"

आणि मी पुण्याची हातोडी हाणली. फक्त एक टवका काढायचा होता, देवाशपथ! पण दगड मधोमध, पिकल्या फणसासारखा उकलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही किंचित वाकलो. मग पांढरा रंग घेऊन सगळ्या दगडांवर ठसठशीत आकडे घातले.

रंग वाळतोय तोच दारात आवडाबाई उभ्या! राहीच्या आई.

"मास्तर, माझा वरवंटा कुठंय?"

"वरवंटा? इथे फक्त खडकांचे नमुने आहेत."

आवडाबाईंनी सुरेख नमुना उचलला. "आन् ह्यो काय? ह्याला रंग कुनी फासला? पाट्यावर खोबरं तसंच पडलंय, वाटन काय दातांनी करू?"

मी काही बोलणार, एवढ्यात धर्मा कोळी धापा टाकत आला. "मास्तर, माझ्या होडीचा दगड! दगड पोरानं सोडवून आनला, आन् होडी एकलीच निघाली खाडीपल्याड कोर्लईला! पोवत जाऊन धरली!"

आणि त्यांच्या मागून, हातगाडीच्या चाकांचा माग काढत, दोन आवाज वर्गात घुसले. रावजी आणि अंबाजी. सख्खे चुलत भाऊ, शेताला शेत लागून. बांधावरून असं भांडण झालं होतं की वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच्या घरची कोंबडी दुसऱ्याच्या अंगणात गेली तर तिलाही दोन दिवस कुणी विचारत नसे. मोरू रावजीचा मुलगा आणि रघू अंबाजीचा, हे मला त्या क्षणी आठवलं. फार उशिरा आठवलं!

"सांगा त्याला मास्तर, माझा बांध कोरला त्यानं! बांधावरचा धोंडा उपटला!" रावजी.

"मी? सांगा त्याला, धोंडा त्यानंच उपटला!" अंबाजी.

मी हळूच काळ्या दगडापुढे उभा राहिलो.

नेमके त्याच वेळी हेडमास्तर साहेबांना घेऊन आत शिरले. साहेबांच्या डोक्यावर टोपी, हातात छत्री आणि चेहऱ्यावर कौतुक.

"वा! पालकसुद्धा खडक बघायला आलेत? असं कुठंच पाहिलं नाही मी!" साहेब काळ्या दगडापाशी वाकले. "हा खडक कोणता?"

"माझा!" रावजी गरजला.

"माझा!" अंबाजी गरजला.

"वर्गीकरणावर मतभेद आहेत," मी घाईनं म्हणालो.

"छान! साधारण वय किती असेल याचं?"

"सहा कोटी वर्षं, साहेब!"

"साफ खोटं!" रावजी म्हणाला. "माझ्या आज्यानं रोवला त्यो! मी बैल धरून उभा व्हतो!"

"त्या दिवशी बैल मी धरला व्हता," अंबाजी पुटपुटला. मग त्याची नजर दगडाच्या मधोमध गेली. "दादा, ह्यो फोडला कुनी?"

सगळा वर्ग माझ्या हातातल्या हातोडीकडे पाहू लागला. मीही पाहू लागलो, जणू ती कुणा दुसऱ्याच्या हातात होती.

"मास्तरनं!" दोघे एका सुरात ओरडले. आणि मग दोघेही चपापले. कारण इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं!

"अंबाजी, धर मास्तरला!"

"धरतो, दादा!"

पाच मिनिटांत वरात निघाली. दगडाचा अर्धा भाग माझ्या डोक्यावर. दुसरा, बुडाकडचा जड भाग एकट्याला उचलेना, म्हणून दोघा भावांनी दोन बाजूंनी धरलेला. मागे मोरू, रघू, अख्खी अकरावी, रंगीत वरवंट्यासह आवडाबाई, शिट्टी फुंकत ड्रिलमास्तर, हेडमास्तर आणि सगळ्यांत शेवटी, ही क्षेत्रभेट आहे असं समजून खूश झालेले साहेब!

शेतात बांधावर धोंडा उपटल्याचा खड्डा दिसत होता. भावांनी आपला तुकडा तिथं रोवला. माझा तुकडा उरला. साहेबांनी विचारलं, "आणि हा कुठे?"

दोघा भावांनी वर बांधाकडे पाहिलं. बांधाच्या वरच्या टोकाला एक आंबा होता, आणि तिथं कधीच खूण नव्हती. सगळं भांडण त्या आंब्याचं! माझी मान खांद्यात शिरत होती.

अंबाजी खाली बघत म्हणाला, "आंब्याच्या ह्या अंगाला लाव, दादा. आंबा तुझ्याकडं राहू दे."

रावजीनं घसा खाकरला. "नगं. त्या अंगाला लाव. तुझ्या पोरांना कैऱ्या आवडतात."

"तुझा मोरूच चढतो रोज!"

"रघूबी चढतो! तुलाच ठेव!"

"तुला ठेव म्हनतो ना!"

दोघे पुन्हा हमरीतुमरीवर आले. या वेळी आंबा देण्यावरून!

"अहो, कुणालाही द्या, पण दगड ठेवू द्या!" मी कळवळलो आणि धोंडा थेट आंब्याच्या बुंध्याशी सोडला. अर्धा आंबा इकडे, अर्धा तिकडे. रावजी हसला, अंबाजी हसला. दोघांनी एकाच चंचीतलं पान खाल्लं. मला मात्र कुणी विचारलं नाही.

साहेब आ वासून बघतायत हे पाहून मी धापा टाकत म्हणालो, "तर मुलांनो... दोन बिंदूंतून... एकच सरळ रेषा जाते!"

साहेबांनी माझा हात हातात घेतला. "नित्सुरे, उत्तम! विषय मंजूर!"

मला भरून आलं.

"तो ड्रिलमास्तरांकडे द्या, त्यांच्यात दम आहे," साहेब हेडमास्तरांना म्हणाले. "यांना भूमिती द्या. इतकी जिवंत भूमिती मी जन्मात पाहिली नाही!"

आज इतकी वर्षं मी भूमिती शिकवतोय आणि खरं सांगू? सुखात आहे. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते आणि मुख्य म्हणजे त्याला मालक नसतो!