ओझोन घेतलेला नवरदेव

"परवा अकोल्यात मी कच्चा चिवडा खाऊन दाखवतो, कांद्यासकट," असं विपुल गावंडेने अमरावतीच्या दवाखान्यात, दाढ काढायच्या खुर्चीत बसायच्या आधीच जाहीर केलं.

कोणी विचारलं नव्हतं. पण विपुलचा स्वभावच तसा. दर्यापुरात त्याचं कृषी केंद्र आहे. कपाशीवर काय फवारायचं ते लोकांना सांगता सांगता जगातल्या एकूण एक रोगाचं औषध आपल्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं. अक्कलदाढ ठणकू लागली तशी त्याने मोबाईल उघडला आणि त्याला ओझोन सापडला. दाढ काढल्यावर त्या जागी हा वायू सोडायचा, की सूज कमी, दुखणं कमी, जखम लवकर भरते. एवढं वाचून गड्याने मोबाईल खिशात ठेवला. खाली आणखी बरंच लिहिलेलं होतं, पण ते वाचायची त्याला गरज वाटली नाही.

घाईही होती म्हणा. परवा अकोल्याला मुलगी पाहायला जायचं ठरलेलं. मुलगी म्हणजे आचल इंगळे. पाहायचं नुसतं नावाला, कारण दोघं महिनाभर फोनवर बोलत होते आणि विपुलचा जीव तिच्यावर पुरता जडला होता. अडचण एकच, तिचे वडील नत्थुजी. आरोग्य खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. खर्रा खाणारी स्थळं त्याने दारातूनच परत पाठवली होती. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो खर्रा गालात धरून आपल्याकडची पोरं दिवस काढतात. विपुलने मात्र त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. बायोडाट्यात निर्व्यसनी हा शब्द त्याने ठळक अक्षरात टाकला होता आणि तो अक्षरशः खरा होता.

"ओझोन देते मी," डॉ. दामिनी म्हणाल्या. "काही पेशंटना त्याने आराम पडतो. पण ती काही जादू नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त असते. तोंड उघडत नाही. थुंकायचं नाही, गरम खायचं नाही, कडक खायचं नाही. अकोल्याला जाणं पुढे ढकला."

"मग मॅडम, डोस डबल करा ना."

"अहो, युरिया आहे का तो?"

दाढ निघाली, टाका पडला, ओझोनही मिळाला. विपुल बाहेर बसलेल्या आईकडे आला तो छाती काढून. गाल दुखत नव्हता, जबडा दुखत नव्हता, काहीच दुखत नव्हतं. "पाह्य आई, याले म्हंतात सायन्स," तो बोबड्या आवाजात म्हणाला. भूल अजून उतरली नव्हती, एवढी साधी गोष्ट या शास्त्रज्ञाच्या लक्षात आली नाही.

बस दर्यापूरला पोचायच्या आत भूल उतरली.

ठरलेल्या दिवशी सकाळी विपुलने आरशात पाहिलं तर उजवा गाल टम्म फुगलेला. जणू आत अख्खं लिंबू ठेवलंय. तोंड उघडायला गेला तर जेमतेम चमचा आत जाईल एवढीच फट. त्याच्या आईने, माणिकबाईंनी कपाळाला हात लावला.

"मी इंगळ्यायले फोन करतो," त्या म्हणाल्या. "सांगतो, पोट्ट्याची दाढ काढली, पुढच्या हप्त्यात येतो म्हणून."

"खबरदार," रामराव, म्हणजे विपुलचे वडील, गरजले. "दाढ काढली म्हटलं तं ते काय म्हनतीन? म्हनतीन, पोराचं वय चोरलं. नाईतं म्हनतीन, खर्रा खाऊन खाऊन दाढ सडली. गपचूप चाला. पोरगं कमी बोलते असं सांगू. कमी बोलणारा जावई कोनाले नको हाय?"

विपुलला खरं तर आचलला सगळं सांगून टाकायचं होतं. पण रोज फोनवर तिच्यापुढे फुशारक्या मारल्यावर आता दाढेचं रडगाणं गायचं म्हणजे लाजच. तोही गप्प बसला. आणि तसाही त्याला बोलता कुठे येत होतं!

अकोल्यात नत्थुजींची गल्ली आली तसे रामराव गाडीतून उतरले. "पत्ता विचारून येतो," म्हणाले आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्याकडे चालू लागले. माणिकबाईंच्या फोनवर पत्ता लागलेला होता आणि घर समोरच दिसत होतं. पण पुरुषमाणसाला पत्ता विचारायचा असला की विचारू द्यावं. बराच वेळ त्यांनी पत्ता विचारला. परत आले ते एकदम गंभीर होऊन.

नत्थुजींनी दारातच स्वागत केलं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट आणि नजर अशी की समोरच्याला आपलं लसीकरण राहून गेलंय की काय असं वाटावं. ती नजर विपुलच्या गालावर पडली आणि तिथेच थांबली.

"काय म्हंते दुकान?"

"हूं," विपुल म्हणाला.

"यंदा सोयाबीनचं बियाणं कसं काय उतरलं?"

"हूं हूं."

"आचलसोबत फोनवर तं लय बोलता म्हने तुमी."

विपुलने हनुवटी वर केली आणि हसायचा प्रयत्न केला. हसताना चेहऱ्याचा डावा भाग हसला, उजवा जागेवरच राहिला. त्यात भलतीच पंचाईत झाली. तोंडात लाळ साचायला लागली. थुंकायचं नाही ही डॉक्टरांची ताकीद, म्हणून तो गिळत होता. पण सोफ्यावर बसून, होणाऱ्या सासऱ्यासमोर, हनुवटी वर करून माणूस गिळणार तरी किती?

नत्थुजी मग रामरावांकडे वळले.

"तुमचा प्रवास बरा झाला ना रामरावजी?"

"हूं," रामरावांनी मान डोलावली.

"घरची शेती किती म्हनाची?"

रामरावांनी हाताने हवेत एक मोठा चौकोन काढला. नत्थुजींना हा माणूस भारदस्त वाटला. माणिकबाई एकट्या तिघांच्या वाटची बोलत होत्या. शेती, दुकान, पाहुणे, खारपाणपट्ट्यातलं खारट पाणी, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

तेवढ्यात आचल चिवड्याच्या बशा घेऊन आली. कच्चा चिवडा, वर बारीक चिरलेला कांदा आणि सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर. "घ्या ना," आचलची आई लीलाबाई म्हणाल्या. "घ्या, लाजू नोका." विपुलने एक मुरमुरा उचलला, ओठांच्या फटीतून आत सरकवला आणि तो विरघळायची वाट पाहत बसला. मुरमुरा विरघळत नव्हता. आचल समोरच्या खुर्चीवरून एकटक पाहत होती आणि विपुलला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मग व्हायचं तेच झालं. ओठाच्या कोपऱ्यातून एक थेंब निसटला. विपुलने घाईघाईने खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून टिपला. रुमालावर लालसर डाग उमटला.

लीलाबाईंनी चिवड्याची बशी हळूच मागे ओढली.

"रामरावजी," नत्थुजी अगदी शांतपणे म्हणाले, "बायोडाट्यात तं निर्व्यसनी लिहिलं हाय."

"हूं," रामरावांनी हनुवटी वर केली.

"बरं. आमच्या घरी एक रिवाज हाय. बार्शीटाकळीकडच्या गावागावात मी शिबिरं घेतली, खर्रा खाणाऱ्यायची तोंडं तपासली. खर्र्यानं तोंड आखडते. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, तो खर्रेवाला. दुसरं काही पाहाचं कामच नाही. विपुलजी, घाला बोटं."

विपुलने बोटं ओठांपर्यंत नेली. एक बोट कसंबसं आत गेलं आणि जबड्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं.

"समजलं," नत्थुजी उठले. "चहा घेऊन निघा आता."

"अवो थांबा ना," माणिकबाईंचा बांध फुटला. "माह्या पोरानं खर्रा हातातसुद्धा नाही धरला कधी. दाढ काढली त्याची अमरावतीले. ओझोन देला डॉक्टरनं."

"काय देला?"

"ओझोन. गॅस असते."

"तो वर आभाळात असते बाई. त्याले भोक पडलं म्हून मी शिबिरात सांगत होतो. आता तो दाढेत भरून राहिले का?" नत्थुजींनी रामरावांना समोर घेतलं. "रामरावजी, तुमी बाप हाय. शांत माणूस दिसता. तुमी सांगान ते मी मानतो. पोराची दाढ काढली, का गालात खर्रा हाय?"

विपुलने बापाकडे पाहिलं. एवढ्या आशेने त्याने दहावीच्या निकालाकडेही पाहिलं नव्हतं. फक्त एक वाक्य हवं होतं. रामरावांचे डोळे गरगरा फिरले. त्यांनी आधी जोरात होकारार्थी मान हलवली, मग त्याहून जोरात नकारार्थी.

"म्हंजे? दाढ नाही काढली, खर्रा हाय?"

रामरावांनी आता नुसतीच मान हलवली. ती कोणत्या दिशेने हलतेय हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. विपुल मनातून खचला. सख्खा बाप ऐन वेळी मुका होतो म्हणजे काय! आचल जाणार, दर्यापुरात बोभाटा होणार आणि आपण ज्या व्यसनाला कधी शिवलोही नाही त्यानेच आपलं लग्न मोडणार, हे त्याला समोर स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, मले जरा बोलू द्या यायच्यासोबत," आचल म्हणाली.

ती त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. विपुलने मोबाईल काढला आणि तिच्यासमोर उभा राहून तिलाच मेसेज लिहायला लागला. तिच्या हातातला फोन वाजला. तिने वाचलं.

"दाढ काढली तं मले काहून नाही सांगितलं? रोज फोन होते ना आपला?"

विपुलने पुन्हा टाइप केलं: तू हसशील म्हणून.

"मग आता कोन हसून राहिलं? माह्या बापासमोर मान खाली गेली ना माही. मीच सांगितलं होतं त्यायले, पोट्टा चांगला हाय म्हून." मग तिने फोनचा टॉर्च लावला. "उघडा. जेवढं उघडते तेवढं."

विपुलने जीव एकवटून उघडलं. आचल रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची, असल्या गोष्टींची तिला किळस नव्हती. तिने गाल हलकेच बाजूला केला, वाकून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"टाका दिसून राहिला. काळा." मग टॉर्च बंद करून म्हणाली, "बाकीचे दात मात्र चांगले हायेत."

विपुलला एवढा आनंद झाला की तो हसला, आणि लगेच गाल धरून खाली बसला.

आत येऊन आचलने सगळ्यांसमोर सांगितलं. नत्थुजींनी स्वतः टॉर्च घेऊन खात्री केली. टाका पाहिल्यावर त्यांचा चेहरा पार बदलला. "अरे बापा, मग पयलेच सांगाचं ना. मी उगीच गरम झालो. आना वो पेढे. पोरगं पसंत हाय मले."

लीलाबाईंनी पेढ्यांचं ताट आणलं. विपुलला तोंड गोड करण्यातून सूट मिळाली. मान व्याह्यांचा. नत्थुजी पेढा घेऊन रामरावांपुढे उभे राहिले. "या रामरावजी, आता आपन व्याही झालो. उघडा तोंड."

रामराव एक पाऊल मागे सरले. त्यांनी पेढा हातात मागितला. "हातात कसा? माह्या हातानं खा लागते." नत्थुजींनी प्रेमाने पेढा ओठांना लावला. रामरावांनी ओठ आवळले. पेढा चपटा होऊन मिशीवर पसरला, पण ओठ काही हलले नाहीत.

माणिकबाई नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना तो पानठेला आठवला, तो विचारलेला पत्ता आठवला.

"उघडा तोंड," त्या म्हणाल्या. दोनच शब्द.

रामराव ताडकन वळले आणि बाहेर नालीकडे धावले. परत आले तेव्हा त्यांना बोलता येत होतं, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "टेन्शन आलं होतं जी," एवढंच ते म्हणाले. "पोराच्या लग्नाचं टेन्शन."

नत्थुजींनी टॉर्च पुन्हा हातात घेतला. मग खुर्ची पुढे ओढली. "बसा. घाला बोटं."

एक गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला जागा नव्हती.

"पोरगा पास," नत्थुजींनी निकाल दिला. "पोरगी देतो, शब्द हाय माहा. पन ज्या घरी खर्रा घोटल्या जाते त्या घरी ती यायची नाही. तुमची तीन बोटं ज्या दिवशी जातीन, त्या दिवशी तारीख काढू."

आचल पदराआड नव्हे, उघडपणे हसत होती.

विपुलची सूज आठवडाभरात उतरली. तोंड पूर्ण उघडायला लागलं आणि ते उघडताच त्याने पहिलं काम केलं ते बापाशी भांडायचं. मग दोघं अमरावतीला गेले. रामरावांनी डॉ. दामिनींना विचारलं, "मॅडम, मलेही तो ओझोन दिला तं?" डॉक्टर म्हणाल्या, "ओझोनचं इथे काही काम नाही. खर्रा कायमचा बंद करा आणि रोज तोंड उघडायचा व्यायाम करा. हळूहळू फरक पडेल."

रामरावांनी खरोखर सोडला हो. कुरकुरत, चिडत, दिवसभर बडीशेप चघळत, पण सोडला. रोज सकाळी चहाच्या आधी माणिकबाई त्यांना अंगणात बसवतात आणि विपुल दाढी करता करता आरशातून चोरून पाहत राहतो. संध्याकाळी आचलचा फोन येतो. हल्ली ती कसे आहात, जेवलात का, असलं काही विचारत नाही. सरळ विचारते, "आज किती गेली?"

काल अडीच गेली. विपुलचं लग्न सध्या अर्ध्या बोटावर अडलंय.