सतराव्या मजल्यापर्यंतचं महायुद्ध

दाजी परबांबरोबर लिफ्टमध्ये शिरलात, की तळमजल्यावरच तलवारी उपसल्या जातात.

"तेव्हा माणूस माणसाचा तोंड बघून मारी!" दाजींचा लढायांचा इतिहास सुरू. दुसऱ्या मजल्याला तोफा. चौथ्याला आगगाडीतून दारूगोळा. सहाव्याला खंदक आणि मशीनगन, नवव्याला रणगाडा, बाराव्याला बॉम्बर विमान. सतराव्याला ड्रोन! तिथे दाजी एकटे राहतात, आणि समोरच्या दारात मी, भाड्याने.

सहाव्या मजल्यावरच्या राणेवहिनी कायम खंदकातच उतरतात. मागून दाजींची हाक, "गो बाय, अजून रणगाडो येवक नाय!" विमानाचा शोध लागलाय हे वहिनींना अजून माहीत नाही.

दाजी लोअर परळच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. त्यामुळे त्यांच्या हिशेबी जगातली प्रत्येक लढाई टर्नर जिंकतो. "शौर्य सगळ्यांकडेच असता रे झिला! गोळ्याचा माप कोणाचा बरोबर, तो जिंकलो. एक सूत चुकला, की तोफ आपल्याच माणसात फुटली!"

मी आपला आ वासून ऐकायचो. आमच्या गावाकडे, जतच्या शाळेत इतिहास पानिपतावर पोचला की परीक्षाच यायची. त्यानंतरही लोक लढले, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

आणि यंदा उन्हाळ्यात सोसायटीने हवाई हल्ल्याची तालीम ठरवली. प्रमुख कोण? दाजी! नुसते पेटलेच. पण सोसायटीकडे भोंगा नव्हता. "भोंगो खंयसून हाडूचो? तू नकला करतस मा? मग तूच भोंगो!"

वरखाली ओरडलो तर धोका, एका सुरात लांब ओरडलो तर धोका टळला. आठवडाभर रियाज.

"मेल्या, हो भोंगो नाय, म्हशीक कळा इलेत!"

त्यांना धास्ती एकच. "लोक येतले मा?" दिवसातून दहा वेळा विचारायचे. इथली जुनी चाळ पाडून हा टॉवर झाला तशी दारं बंद झाली. आता सत्यनारायणालासुद्धा लोक मोबाईलवरच हात जोडतात.

रविवारी रात्री आठला दिवे बंद झाले आणि मी जीव खाऊन बोंबललो.

आले की हो! जिन्यांवरून धाडधाड अख्खी बिल्डिंग खाली. पार्किंगमध्ये चटया पडल्या, वहिनींनी शेंगदाणे आणले. चाळीतली जुनी माणसं अंधारात एकमेकांना चाचपत होती. "अरे, बंड्या काय तू? पोट आधी इला, तू मागसून!" मधोमध दाजी, मांडी घालून, टाळ्या देत, शेंगदाणे मागत. लढाईचा एक शब्द नाही.

पंधरा मिनिटं झाली. मी सरकत त्यांच्या कानाशी गेलो. "दाजी, वेळ संपली. धोका टळल्याचा वाजवू?"

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब रे झिला. वाजवलंस की सगळे आपापल्या घरात जातले."

मी छातीत भरलेला श्वास आवाज न करता सोडून दिला.