आगरदांड्याची दूधयंत्र समिती

कोणत्याही यंत्राचा दुरुपयोग टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच, त्याचा उपयोग होऊ न देणे. आगरदांड्याच्या कोळीवाड्याने हे तत्त्व एकतीस सालीच अंगी बाणवले, याबद्दल त्याचे करावे तेवढे कौतुक थोडेच.

त्या वर्षी मुंबईच्या एका परोपकारी मंडळाने वाड्याला बाळंतिणीचे दूध काढण्याचे यंत्र भेट दिले. यंत्र म्हणजे काचेचा पेला आणि त्याला मोटारीच्या भोंग्यासारखा रबरी फुगा. ते कोणाला, केव्हा द्यावे हे ठरवायला समिती नेमण्यात आली. सभासद पाच, सर्व पुरुष. पैकी स्तनपानाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले पाच (लहानपणीचा). यंत्र फुटू नये म्हणून देवळात कुलुपात ठेवले. सोयर असल्याने बाळंतिणीला देवळात येता येत नाही, त्यामुळे यंत्र तिच्यापासून अगदी सुरक्षित राहिले.

पहिली मागणी केसरची आली. पहिलटकरीण, मुलगा चार दिवसांचा. तिची छाती दगडासारखी टणक झाली होती, अंगात ताप होता आणि मुलाला काही केल्या तोंडात धरता येत नव्हते. ते रडून रडून आता रडायचेही थांबले होते. सासू भागुबाई देवळाच्या पायरीखाली उभी राहून हे सांगत होती. समितीने तिचे म्हणणे सहानुभूतीने ऐकले व तिला जरा लांब उभे राहायला सांगितले.

मग यंत्राची परीक्षा झाली. प्रत्येक सभासदाने ते गालाला लावून फुगा दाबला. (अध्यक्ष गुणाजी तांडेल यांच्या गालावरचे वर्तुळ वाडा आठवडाभर बघत होता.) एवढ्या जोराची वस्तू बाईमाणसाच्या हाती देणे धोक्याचे, असे चिटणीस दत्तात्रेय मास्तरांचे मत पडले. पण खरा निकाल लागला तो गुणाजींच्या अनुभवाने. माणसाचा जन्म होडीवर गेलेला.

"भरती हाय ही," ते म्हणाले. "ओहोटी लागली का आपसूक उतरंल."

सभासदांनी उठून खाडीवर पाहिले, तर खरोखरच भरती होती. ओहोटीपर्यंत थांबावे, असा ठराव झाला. ओहोटी लागली, खाडी उतरली, केसरची छाती उतरली नाही. समिती डगमगली नाही. अमावास्येचे उधाण आहे, एवढे पाणी उतरायला वेळ लागणारच, करिता अष्टमीला भांगाची लहान भरती येईपर्यंत वाट पाहावी, असा दुरुस्त ठराव एकमताने मंजूर झाला.

भागुबाई घरी गेली. शेजारच्या नलूचा दांडगा पोरगा तिने उचलून आणला आणि केसरच्या छातीला लावला. केसर सकाळपासून हेच मागत होती, पण समितीचा निकाल यायचा होता ना! पोराने थोडे ओढले, छाती मऊ पडली, आणि मग केसरचा मुलगा प्यायला लागला. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"मला कोनी इचारलंच न्हाय," ती म्हणाली.

समितीने यंत्र पुन्हा कुलुपात ठेवले व ओहोटी मुदतीआधीच आल्याबद्दल समाधान व्यक्त केले.

तुम्ही हसलात, बरे वाटले. तुमच्या घरी असला अडाणीपणा नाही. तुमची बायको बाळंत झाली तेव्हा तिला काही त्रास नव्हता, हे तुम्ही छातीठोक सांगाल. ते तुम्हांला तिने सांगितले, की तुमच्या आईने?