अपेक्षित प्रतिक्रिया

कुसाकाबे सरांनी पन्नास मिनिटांच्या तासाचा अकरा पानी आराखडा केला होता. डाव्या रकान्यात शिक्षकाचं वाक्य, उजव्या रकान्यात मुलांची 'अपेक्षित प्रतिक्रिया'. सात वर्षं हंगामी नोकरीत घासल्यावर आज सोक्षमोक्ष होता. मागे बसलेल्या तपासनीस उशिओदाबाईंना जडत्वाचा हा पाठ पसंत पडला, की एप्रिलपासून सर कायम.

"प्रतिक्रिया अगदी नैसर्गिक आली पाहिजे," असं उपमुख्याध्यापक कोगुरेंनी बजावलं होतं. म्हणून सरांनी ती मुलांकडून तीनदा घोटून घेतली होती.

टेबलावर लाकडी चकत्यांची चळत आणि वर दारुमाची, म्हणजे जपानी शुभशकुनाची, गोलमटोल बाहुली. हातोडीने खालची चकती झटक्यात उडवायची, की बाहुली जागच्या जागी खाली बसते. सरांनी हातोडी उचलली, ऐन वेळी नजर उशिओदाबाईंच्या पेनाकडे गेली आणि फटका कचरतच बसला. चकती तिरकी सरकली, चळत कोसळली, एक चकती घरंगळत मागे बसलेल्या कोगुरेंच्या नडगीवर आदळली आणि बाहुली गडगडत उशिओदाबाईंच्या सपातांपाशी जाऊन थांबली.

"अरेच्चा! बाहुली जागची हललीसुद्धा नाही!" अडतीस मुलं एका सुरात ओरडली.

उशिओदाबाईंनी आराखड्यातल्या त्या ओळीपुढे गोल काढला. "दहा वाजून बावीस मिनिटं. अगदी वेळेवर," त्या पुटपुटल्या. कोगुरेंनी नडगी चोळत मान डोलावली. सरांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या फुमिकाने हात वर केला. आराखड्यात तिथे कुणाचाच हात नव्हता.

"सर, पण ती पडली की!"

मागच्या खुर्च्यांवर पानं उलटल्याची फडफड झाली. "नंतर विचार गं!" कोगुरे दबक्या आवाजात खेकसले.

सरांनी आराखड्याकडे पाहिलं, मग बाहुलीकडे.

"पडली खरी. मी घाबरलो, फटका हळू बसला. चकती हळू सरकली की घर्षण वरच्यांनाही ओढून नेतं. ये, तू मार. बिनधास्त मार!"

सरांनी चळत पुन्हा रचली, फुमिकाने हातोडी हाणली, खाडकन चकती उडाली आणि बाहुली होती तिथेच खाली बसली. वर्गात जो गलका झाला तो कुणी घोटून घेतलेला नव्हता. कितीतरी वर्षांनी सरांना काहीतरी शिकवल्यासारखं वाटलं.

"पाठ उत्तम," तासानंतर उशिओदाबाई म्हणाल्या, "फक्त शेवटी मुलं उगाचच ओरडली. पुढच्या वर्षी बघू."

"म्हणजे मी हंगामीच?" सरांनी विचारलं.

"सध्या आहात तसेच राहा," कोगुरे पाठ थोपटत म्हणाले. "आणि हो, पुढच्या वेळी त्या पोरीची शंका उजव्या रकान्यात घाला. तीनदा घोटून घ्या म्हणजे झालं."