वीस उंदरिणींचे डोहाळे

आईच्या पोटात जे जाते ते लेकराच्या अंगी लागते, हे सत्य शास्त्राला अलीकडे कळले. सासवांना ते पहिल्यापासून ठाऊक होते. मध्य प्रदेश राज्य होऊन दोन वर्षे झाली, तेव्हा इंदूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर असलेल्या दिवाकररावांनी मात्र सासूऐवजी उंदरांना विचारायचे ठरवले.

कारण घरगुती होते. पत्नी इंदिराबाईंना पाचवा महिना होता आणि त्या दिवसाला सात कप चहा घेत. दिवाकरराव अकरा घेत (हा आकडा अहवालात नाही). चहातले कॅफिन बाळाला बाधेल अशी त्यांना भीती वाटे. ‘चहा कमी कर’ एवढे तीन शब्द बोलले असते तर भागले असते. पण अकरा कपवाल्याने सात कपवालीला कोणत्या तोंडाने सांगावे? हाती पुरावा असला की तोंडाची गरज उरत नाही, अशा विचाराने त्यांनी वीस गाभण उंदरिणी मागवल्या.

प्रयोग अत्यंत शास्त्रशुद्ध होता. दहांना चहा, दहांना पाणी. पिंजऱ्यांना क्रमांक, पिल्लांना वजनकाटा, प्रत्येक नोंद तीन प्रतींत. चहा दिवाकरराव स्वतः उकळत आणि आधी चाखून बघत (शास्त्रात हयगय नको). त्यामुळे त्यांचा स्वतःचा आकडा चौदावर गेला.

यथाकाल पिल्ले झाली. चहावाल्यांची पिल्ले हलकी भरली, डोळेही उशिरा उघडले. दिवाकररावांना भीती आणि अभिमान एकदमच वाटला. मग पाणीवाल्यांची तोलली. तीही तितकीच हलकी.

चौकशी झाली. पिंजरे झाडणाऱ्या सखुबाईंनी काही लपवले नाही. “साब, पोटुशी आहेत बिचाऱ्या. बाजूच्या पिंजऱ्यात चाय चालू, आणि यांना खाली पाणीच? डोहाळे पुरवले नाहीत तर पोरांचे कान फुटतात. तुम्ही क्लासला गेले की मी यांनापण द्यायची. आलं घालून.”

पुस्तकातल्या वजनांशी ताडून पाहता सत्य उघडच होते. पण तुलनेचा गट नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे घरी बोलणे नाही. त्यांनी आणखी वीस उंदरिणींसाठी अर्ज केला. तो प्राचार्यांकडून परत येईपर्यंत (शेरा: ‘प्रयोजन स्पष्ट करावे’) इंदिराबाईंचे दिवस भरले.

मुलगी झाली. पाच पौंडांची. तिला हातात घेताच दिवाकररावांना रडू आले. पाच म्हणजे बरे की कमी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “इथे बहुतेक एवढीच असतात.” मग ते वॉर्डभर विचारत फिरले. अठरा बाळंतिणी, अठराही चहावाल्या. हा काय प्रकार म्हणून इंदिराबाईंनी विचारले, तेव्हा सगळे कबूल करावे लागले.

“अहो, मग आधी बोलायचं ना!” त्या म्हणाल्या. “मला कुठे एवढी चाय पसंद आहे? तुम्ही एकटे पिता, बरं नाही दिसत, म्हणून साथ देत होते मी.”

अहवाल अजून अपुरा आहे. ज्या वाचकाच्या आईने ते नऊ महिने चहाला हात लावला नसेल, त्याने तुलनेसाठी समक्ष यावे. आधी आईला विचारून घ्यावे. उत्तर देण्यापूर्वी ती चहाचे आधण ठेवील; त्या चहाला नको म्हणता आले, तरच तुलनेसाठीचा फॉर्म भरावा.